पावसाळाभर लंगडा

धर्माबाबा भोईर माझ्यामुळे चालायला लागला, असं मी आजवर बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे. विद्यार्थ्यांपुढे सांगितलं, निवृत्तीच्या समारंभात सांगितलं, एकदा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरच्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. गोष्ट संपली की लोक मान डोलावतात. विद्यार्थी टाळ्या वाजवत. मी सांगत आलो तशी ती घडलेली नाही. तिच्यातली बहुतेक माणसं आता हयात नाहीत, मीही ऐंशीच्या घरात आलो आहे, आणि या अंकाच्या संपादकांनी 'व्यवसायातला एखादा समाधान देणारा अनुभव' मागितला आहे. त्यांना टाळ्यांची गोष्ट हवी असणार. माझ्याकडे तीच एक मोठी गोष्ट आहे, आणि ती दुरुस्त करूनच द्यावी लागेल.

आधी धंदा काय तो सांगतो. आता ठाण्यात गल्लोगल्ली फिजिओथेरपीच्या पाट्या दिसतात. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत या कामाला नावच नव्हतं. लोक मालिशवाला समजत आणि तेलाची वाटी पुढे करत. हाड मोडलं, अर्धांगाचा झटका आला, किंवा नुसतंच म्हातारपण आलं, की माणूस पडून राहतो. पडून राहिला की पाय बारीक होतात, सांधे आखडतात, आणि मग उठता येत नाही म्हणून तो पडून राहतो. हे रहाटगाडगं उलटं फिरवायचं, एवढंच आमचं काम. करायला कंटाळवाणं आणि बघायला त्याहून कंटाळवाणं.

मी ठाण्याच्या एका शाळेत तात्पुरता ड्रिलमास्तर होतो. डॉक्टर सोहोनी लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात होते. जखमी शिपायांना पुन्हा उभं करण्याची विद्या ते तिथे शिकले, आणि परत येऊन तलावाजवळ दवाखाना थाटल्यावर त्यांच्या मनात आलं, की जे शिपायांसाठी केलं ते म्हाताऱ्यांसाठी का करू नये? ठाण्यातल्या लोकांना हा विनोद वाटला. म्हाताऱ्या माणसानं पडून राहायचं नाही तर काय कवायत करायची? डॉक्टरांना कवायत करून घेणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"तुला एक स्वतंत्र अभ्यास देतो," ते म्हणाले. "देखरेखीखालचा."

"देखरेखीखालचा म्हणजे स्वतंत्र कसा?"

"अभ्यास तुझा, देखरेख माझी. इकडे कल्याण-डोंबिवलीपर्यंत चार म्हातारी माणसं निवड. त्यांच्या घरी जा. त्यांना उभं कर. दर शनिवारी मला येऊन सांग."

"आणि माझं चुकलं तर?"

"ते तुझ्या लक्षात येईल," ते म्हणाले. हे एवढं एक त्यांचं साफ चुकलं. माझ्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांची पद्धत अशी होती, की ते कधी उत्तर देत नसत. फक्त विचारत. आपण उत्तर दिलं की त्यावर आणखी एक विचारत. मुंबईत आमच्या विषयाची शाळा नुकतीच निघाली होती. अभ्यास चांगला झाला तर तिथे माझी शिफारस करायचं त्यांनी कबूल केलं होतं, त्यामुळे मी त्यांचे सगळे प्रश्न सहन करायचो.

डोंबिवलीला वामनराव नावाचे निवृत्त हेडक्लार्क होते. उजवा हात झटक्यानं गेलेला. पण तोंडी सूचनेवर ते बोटसुद्धा हलवायला तयार नव्हते. "नोकरीत मी कधी तोंडी आदेश पाळला नाही, आता या वयात सवय बिघडवू नका," म्हणाले. मी कागदावर लिहून द्यायचो, 'हात खांद्याइतका वर करणे.' ते वाचून डाव्या हातानं 'पाहिले' असं लिहायचे आणि पुढच्या खेपेपासून अंमल सुरू करायचे. व्यायाम बदलला की आधीचा रद्द केल्याचा कागद मागायचे. हात चांगला सुधारला. सुधारलेल्या हातानं त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे हात सुधारल्याच्या कागदावर सही.

कल्याणला माई होत्या. विधवा, कडक सोवळ्याच्या. खुब्याचं हाड जुळलेलं, पण बसता-उठता येईना. मला त्यांना शिवता येत नसे, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सूचना ओरडायचो आणि त्या आतून कपडे वाळत घालायची वलणीची काठी टेकत मला उलट ओरडायच्या. माझ्याकडे डॉक्टरांचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात खुर्चीतून कसं उठावं आणि न्हाणीच्या टबातून कसं उठावं याची चित्रं होती. मी खुर्चीचा पाठ सुरू केला तेव्हा माई म्हणाल्या, "खुर्चीवर कोण बसतंय इथे, मामलेदार? मला पाटावरून उठायचं कसं ते सांग. मेल्या, सुनेनं धरून उठवलं की जेवलेलं अंगी लागत नाही."

पुस्तकात पाट नव्हता. मी घरी जाऊन जेवताना आईकडे बघत बसलो. ती पाटावरून उठताना आधी कुठला हात टेकते, कुठला गुडघा वळवते, वजन कधी पुढे टाकते. "काय टकमका बघतोस? आई उठताना पाहिली नाहीस कधी?" ती म्हणाली. खरंच पाहिली नव्हती. त्यावरून मी पाटाचा व्यायाम बसवला आणि माई उठायला लागल्या. त्या शनिवारी डॉक्टरांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसते हसले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना काय हवं असतं ते आपल्याला समजलं. त्याच आठवड्यात मी धर्माबाबाकडे जायला लागलो होतो.

धर्माबाबाचं गाव खाडीपलीकडे. ठाण्याच्या बंदरावर सायकल ठेवायची, होडीनं पलीकडे जायचं आणि बांधावरून चालत गाव गाठायचं. आगरी वस्ती, मिठागरं आणि भाताची खारी शेतं. खाडीकाठी मातीचा बांध घालून आतली जमीन सोडवलेली असते आणि त्या बांधात एक लाकडी दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात ओहोटीला दार उघडून शेतातलं पाणी बाहेर काढायचं आणि भरतीला घट्ट बंद करायचं. मिठाच्या दिवसांत उलट, भरतीचं पाणी बेतानं आत घ्यायचं. यात हयगय झाली तर शेतात खारं पाणी शिरतं आणि मग तिथे गवतसुद्धा धरत नाही. सगळ्या गावाचं पोट त्या दारावर. म्हणून उघाडीवर रात्रंदिवस माणूस लागतो, आणि गावकीनं हे काम पिढ्यान्‌पिढ्या भोईरांच्या घराकडे दिलेलं होतं. बायको गेल्यापासून धर्माबाबा तिथल्या खोपीत एकटा राहत होता. गावात यायचा तो सणापुरता.

बांधावर पाय घसरून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात पायाला वजन टांगून बरेच दिवस ठेवला, मग मुलाच्या घरी ओटीवर आणून टाकला. मुलगा गणपत ठाण्याला गिरणीत होता. सून बारकू घर आणि शेत बघायची. धर्माबाबा पायावर उभा राहीपर्यंत उघाडीची राखण गावातल्या घरांनी पाळीपाळीनं करायची, असं गावकीनं ठरवलं होतं. ही मोठीच सवलत होती. त्या गावात हातीपायी धड असलेला माणूस कामाच्या वेळी ओटीवर बसत नसे. बसलेला दिसला तर येणारे-जाणारे काही बोलत नसत, फक्त बघत. ते बोलण्यापेक्षा वाईट.

वय विचारलं तर धर्माबाबा म्हणाला, "प्लेगच्या साली बैल हाकत होतो. तू मांड हिशेब." पाय काडीसारखा झाला होता, पण छाती मजबूत होती. पायाला वजन बांधून उचलायचा व्यायाम असतो. त्यासाठी वाळूच्या पिशव्या लागतात. तिथे वाळू नव्हती, म्हणून मी पिशव्यांत मीठ भरलं. पाऊस सुरू झाल्यावर तो कुरकुरायला लागला, की वजन वाढलं.

"वाढलं नाही बाबा, तेवढंच आहे."

"मास्तर, मीठ हवेतलं पानी पितंय. येवढी बुकं शिकलास आनि हे ठावं नाय? उचलून बग."

मी उचलून बघितलं. वाढलं होतं. मी त्या शनिवारी डॉक्टरांना सांगितलं, की वजन हळूहळू वाढवत नेतो आहे.

ओटीवर धर्माबाबाचा दरबार भरायचा. रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. सुकत घातलेल्या बोंबलांवरून तो मांजरं हाकायचा, भांडणं ऐकून घ्यायचा, नात त्याच्या चांगल्या मांडीवर बसून त्याच्या मिशा ओढायची. मी एकदा विचारलं, "उघाडीवर एकटे कंटाळत नव्हता?"

"खेकड्यांशी बोलायचो. आयकून घेतात, पन जवाब देत नाय." मग म्हणाला, "हितं लय जवाब देतात." नात तेव्हा त्याला आजोबा म्हणून नव्हे, तर घोडा म्हणून वापरत होती.

तो काठीच्या आधारानं उभा राहिला, ओटीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत गेला, आणि तिथे सगळं थांबलं. पुढे काही होईना. मी गेलो की तो कण्हत उठायचा, अर्ध्या वाटेत काठी थरथरवायचा आणि "नाय जमत गं माय" म्हणून बसायचा. मी व्यायाम बदलून पाहिले. शनिवारी डॉक्टरांपुढे हात चोळत उभा राहिलो.

"बरा झाल्यावर तो काय करेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

"कुठे?"

मी हसलो. मला वाटलं, डॉक्टरांना आज प्रश्न सुचत नाहीये.

मी बहुतेक दुपारचा जायचो. एक गोष्ट विचित्र होती. दुपारी घर नेहमी रिकामं असायचं. बारकू, नात, शेजारची म्हातारी, सगळी मागल्या दारी गोठ्यात दाटीवाटीनं बसलेली असायची. बाहेर धो धो पाऊस, गोठा गळतोय, आणि ही मंडळी म्हशीच्या शेजारी बसून तांदूळ निवडतायत. "आत उकडतंय," बारकू म्हणायची. मला आगरी लोकांच्या सवयी माहीत नव्हत्या, म्हणून मी ते सोडून दिलं.

श्रावण लागला तेव्हा एक दिवस धर्माबाबाचा पाय हातात घेतला आणि मी थबकलो. न वापरलेल्या पायाची पोटरी पिशवीतल्या पाण्यासारखी लिबलिबीत लागते. ही घट्ट लागली. टेप लावला. भरली होती. मग तळवा बघितला. पडून राहिलेल्या माणसाचा तळवा लहान मुलासारखा मऊ होतो. याच्या टाचेला ताजा घट्टा पडला होता.

"बाबा, तुम्ही चालता."

"कोन बोलला?"

"तुमची पोटरी."

त्यानं पोटरीकडे पाहिलं. कोर्टात उलटलेल्या साक्षीदाराकडे बघावं तसं.

"कधीपासून?"

"आखाडापासून. दुपारी घरी कोन नसतंय, तवा." तो आवाज खाली आणून बोलत होता. "मागं-पुढं करतंय घरातल्या घरात. काठी पन लागत नाय आता."

"मग सांगितलं का नाहीत? इतके दिवस मी डोकं फोडतोय!"

"सांगून काय होतंय? चालतंय म्हटलं का उघाडी." त्यानं रस्त्याकडे बघितलं. कोणी नव्हतं. "मास्तर, मना पाऊस सरंस्तोवर लंगडाच ठेव. मंग बगू."

"म्हणजे मी खोटं सांगू?"

"खोटं कशाला? कायच नको सांगू."

"अहो, मोडलेला माणूस चालायला लागला. किती आनंदाची गोष्ट आहे!"

"मना आनंद हाय की," तो म्हणाला. "तू लोकांना कशाला वाटतंस?"

परतताना होडीत मी चांगलाच चिडलेलो होतो. आपल्याला फसवलं, ही एक चीड. दुसरी गोष्ट अशी, की मुंबईच्या शाळेचे प्रवेश जवळ आले होते आणि माझ्या अभ्यासात हा एकच माणूस न चालणारा होता. वामनराव सही करत होते, माई पाटावरून उठत होत्या, निवडलेल्या चौघांतले तिसरे गृहस्थ मधल्या काळात वारले होते, त्यांना धरता येत नव्हतं. शनिवारी मी डॉक्टरांना सांगितलं, "धर्मा चालतो." तो काय म्हणाला ते सांगितलं नाही. देखरेख करणाऱ्या माणसाला जे बघायचं होतं नेमकं तेच मी झाकून ठेवलं, आणि हे मी पुढे कुठल्याही व्याख्यानात सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "मला बघायला आवडेल."

नुसतं ओटीवर चालवून दाखवलं असतं तर भागलं असतं. पण मला ते सगळ्यांसमोर करायचं होतं. नारळी पौर्णिमा आली होती. त्या दिवशी सगळं गाव खाडीवर जमतं आणि मानाचा नारळ पाण्यात सोडतात. मी गावकीचे पुढारी नामा पाटील यांना गाठलं आणि सुचवलं, की या वर्षी नारळ धर्माबाबानं सोडावा.

"तो तिथवर चालत येल?" पाटलांनी विचारलं.

"येईल."

"बरा चालतंय?"

"तुमच्यापेक्षा बरा," मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढे प्रत्येक वेळी गोष्ट सांगताना मी ते घालत आलो.

पौर्णिमेला डॉक्टर छत्री घेऊन होडीनं आले. वाजंत्री ओटीपुढे येऊन थांबली. पाटलांनी हळदकुंकू लावलेला नारळ धर्माबाबाच्या ओंजळीत ठेवला. सगळं गाव उभं. मानाला नाही म्हणता येत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, दोन्ही हातान नारल. काठी कशी धरू?"

"काठी तुम्हाला लागत नाही, बाबा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

तो उठला आणि चालला. ओटी उतरला, चिखल तुडवत, वाजंत्रीच्या मागून, सरळ खाडीपर्यंत. एकदाही अडखळला नाही. मला वाटतं, तो अडखळला असता तर माझी अब्रू गेली असती म्हणूनही अडखळला नसेल. माणसांनी आरोळ्या ठोकल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नारळ पाण्यात पडला. बारकू मात्र आली नाही. ती ओटीच्या खांबाला धरून उभी होती. मला वाटलं, तिला आनंद आवरला नाही.

परतीच्या होडीत डॉक्टर म्हणाले, "चालला."

"हो."

"कुठे?"

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. "खाडीवर," मी म्हणालो.

त्या आठवड्यात पाळ्या बंद झाल्या. घोंगडी, कंदील आणि मडकं घेऊन धर्माबाबा उघाडीवर गेला. कोणी त्याला हाकललं नाही, तसं काही झालं नाही. गाव चांगलं होतं. दोन माणसं सामान पोचवायला गेली होती.

मुंबईला जायच्या आधी मी एकदा तिकडे गेलो. पाऊस पडत होता. बांध निसरडा होता आणि तो माझ्यापुढे भराभर चालत होता. "बग, तुझा पाय कसा चालतंय," तो म्हणाला. खोपीत त्यानं मला काळा चहा दिला. मग विचारलं, "घरावरून आलास ना? ओटीवर कोन बसलाय?"

"कोणी नाही."

"बरा," तो म्हणाला, आणि दार बघायला उठून गेला. भरतीची वेळ झाली होती.

अभ्यास मान्य झाला. माझी शिफारस झाली. मुंबईचं शिक्षण संपवून मी ठाण्याला परत आलो आणि डॉक्टरांच्याच दवाखान्यात रीतसर कामाला लागलो. धर्माबाबाकडे जायचं मनात होतं. ते मनातच राहिलं.

पुढे एका उन्हाळ्याच्या शेवटी ठाण्याच्या एस.टी. स्टँडवर बारकू भेटली. बरोबर गणपत आणि नामा पाटील. कल्याणच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते. गणपत लंगडत होता. भातशेतीच्या चिखलात पाय मुरगळला तो गेल्या पावसापासून धरलाय, असं पाटील म्हणाले. मग ते दोघं चहा आणायला गेले, गणपत डावा पाय ओढत. मी बारकूला विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"मामा गेला की," ती सासऱ्याबद्दल म्हणाली. "दोन पावसाले काढलान. गेल्या भादव्यात गेला."

"आजारी होते?"

"कोनाला ठावं? शेतात खारं पानी शिरलं तवा गाव उठलं. मंग मानसं धावली. उघाडीचं दार उघडंच होतं, आनि तो खोपीत निजलेला." तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चेहरा चांगला होता. पाय पन चांगले होते."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "ते चालायला लागले होते, ते तुम्हाला मी सांगायला हवं होतं आधी. घरच्यांना. परस्पर गावासमोर..."

"आमाला सांगून काय?" बारकू म्हणाली. "आमाला ठावं होतं."

"काय ठावं होतं?"

"चालतंय ते. पयल्या दिसापासून." ती माझ्याकडे मंद माणसाकडे बघावं तशी बघत होती. रागानं नाही. "आमी दुपारच्याला गोठ्यात कशापायी बसायचो, मास्तर? म्हशीची हौस होती? तो आमच्यासमोर चालला नसता. घर मोकलं करून द्यायचो त्याला. पोरीला पन शिकवलेलं, आज्याला इचारू नको म्हनून."

"मग गणपतनं सरळ गावकीला सांगायचं, की आम्ही बाबांना घरी ठेवतो."

"घरातला धड मानूस सोडून परक्यानं रात काढायची उघाडीवर? असं कोन बोलेल? तोंडान बोललं का संपलं. कोनी बोलत नवता, म्हनून चाललं होतं. गावात पन निम्म्यांना ठावं असंल." मग तिनं स्टँडवरच्या गाड्यांकडे तोंड फिरवलं. "तुमी तेवडे बोललाव."

या जागी नेहमीच्या गोष्टीत टाळ्या येतात.

पाटील आणि गणपत चहा घेऊन आले. गणपतच्या दोन्ही हातांत कप होते आणि तो सांडू नये म्हणून जपून चालत होता. जाताना तो डाव्या पायानं लंगडत गेला होता. येताना उजव्या पायानं लंगडत आला.

"बरं झालं तुमी भेटलाव," नामा पाटील म्हणाले. "तुमी या कामातले जानकार. याचा पाय बगा जरा. पाऊस तोंडावर आला. उघाडीचं काम आता याच्याकडं हाय, आनि वरीसभर गावानं सांभाललं. गिरणीत जातंय, पन तिथं बसून काम हाय म्हनतो."

गणपतला मी तिथल्या बाकावर बसवलं. त्यानं आधी एक पाय पुढे केला, मग दुसरा. मी दोन्ही पोटऱ्या दाबून बघितल्या. घोटे फिरवून बघितले. बारकू कपात बघत होती. इतके धड पाय मी दवाखान्यात फार कमी पाहिले होते.

"कसा वाटतंय?" पाटलांनी विचारलं.

"अवघड आहे," मी म्हणालो. "वेळ लागेल. ओल्यात तर अजिबात उभं राहता कामा नये. हा पावसाळा तरी उघाडीचं नाव काढू नका."

"आनि पुढला?"

"पुढचा पुढच्या वर्षी बघू."

पाटील माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरा. मंग पाल्याच लावू." गावातल्या इतर माणसांवर यात अन्याय झाला असेल. त्यांच्याही घरी म्हातारे असतील आणि त्यांनाही पावसात खोपीत रात्री काढाव्या लागल्या असतील. मला त्याचा निवाडा करता येत नाही.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. धर्माबाबा काय म्हणाला होता ते, मी ते का झाकलं ते, गोठा, म्हैस, सगळं. त्यांनी एकही प्रश्न मध्ये घातला नाही. चष्मा काढून पुसायला लागले.

"अभ्यास माझा होता," मी म्हणालो.

"देखरेख माझी होती," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्या मुलाचा पाय कसा आहे?"

"धड आहे."

"कुठला पाय धरलाय म्हणतो?"

"जाताना डावा होता. येताना उजवा."

डॉक्टरांनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला कधी काय करायचं ते सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं.

"त्याला म्हणावं, एकच पाय धर."

पुढच्या रविवारी मी बंदरावर सायकल ठेवली आणि होडीनं जाऊन ते सांगून आलो. गणपत ओटीवर बसला होता.